बाळ आपलं, आत्या जपानची

आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, आणि बुरशीशास्त्रज्ञ तर नाहीच नाही. डेटाबेस सांभाळून पोट भरणारा माणूस आहे. त्यामुळे पुढचं सगळं औषधोपचाराचा सल्ला म्हणून वाचू नका, भांडण म्हणून वाचा. भांडण कोणाशी? बऱ्याच अंशी तुमच्या-माझ्यासारख्यांशीच. विषय आहे गजकर्ण.

हसलात ना? ॲसिडिटी, स्लिप डिस्क, थायरॉइड यांवर आपण कँटीनमध्ये तास तास बोलतो. गजकर्णाचं नाव काढलं की सगळे मोबाइलमध्ये बघायला लागतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या मेडिकलवर दहा मिनिटं उभे राहा. कोणीतरी येतो, आजूबाजूला बघतो, आणि आवाज खाली आणून म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या जरा." काउंटरवरचा मुलगा ‘कुठे, किती दिवस’ काहीही न विचारता मागे न बघताच खणातून ट्यूब काढतो. व्यवहार पूर्ण. अंधेरीचा पूल चढताना भिजलेली जीन्स, मग नऊ तास एसीत तीच जीन्स, मग परत लोकलमध्ये घाम. बुरशीला याहून चांगलं घर कोण देणार?

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली असतात. एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, ती या स्टेरॉइडमुळे. लाली जाते, गिऱ्हाईक खूश. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकतं, त्यामुळे बुरशी आत निवांत पसरत राहते. महिन्याभराने परत उगवते, या वेळी जास्त मोठी. शिवाय तिचा तो ओळखीचा गोल, कडेला लाल असा चेहराही उरत नाही. इसबासारखं काहीतरी दिसायला लागतं आणि डॉक्टरही फसतात. याला 1968 साली इंग्लंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नाव दिलं, टिनिया इनकॉग्निटो. वेषांतर करून हिंडणारं गजकर्ण! गोरं होण्याच्या आणि खाज मारण्याच्या नादात ही क्रीम्स आपल्याकडे इतकी बोकाळली, की 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या 14 स्टेरॉइडची सूट काढून घेतली आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं स्पष्ट केलं. नियम कागदावर आला. खण जिथे होता तिथेच आहे.

पण मला आज क्रीमवर नाही, नावावर भांडायचंय.

साधारण 2014 पासून भारतातले त्वचारोगतज्ज्ञ सांगत होते की गजकर्ण पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पूर्वी दोन-चार आठवड्यांच्या औषधाने जायचं, आता महिनोन् महिने हटत नाही. अख्ख्या घराला होतं, अंगभर पसरतं. पूर्वी आपल्याकडे मुख्य गुन्हेगार होता ट्रायकोफायटन रुब्रम. प्रयोगशाळांतून आता दुसराच कोणी सापडायला लागला. त्याला कोणी ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस म्हणे, कोणी ट्रायकोफायटन इंटरडिजिटाले. (ट्रायकोफायटन म्हणजे शब्दशः ‘केसातली वनस्पती’. नाव पडलं एकोणिसाव्या शतकात, तेव्हा बुरशी वनस्पतींतच मोजत. आज ती प्राण्यांना जास्त जवळची मानतात, पण नाव राहिलं ते राहिलं. लेगसी कोड, दुसरं काय.) 2018 साली दिल्लीच्या अनुराधा चौधरी यांच्या गटाने एक अभ्यास छापला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांपैकी 32 टक्के बुरशींवर टर्बिनाफिन नावाचं हुकमी औषध जवळपास चालतच नव्हतं. कारणही सापडलं. हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्या जनुकात एकच बदल झाला होता. प्रथिनाच्या साखळीत 393 व्या किंवा 397 व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं, आणि औषधाची किल्ली त्या कुलपात बसेना.

म्हणजे रोग आपला, रुग्ण आपले, औषध निकामी झाल्याचा पुरावाही आपल्याच लोकांनी शोधला. आणि बारसं? ते झालं जपानमध्ये. 2020 साली रुई कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन रुग्णांपासून मिळालेल्या, टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं. त्या दोघांपैकी एक नेपाळी होता, एक भारतीय. नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनिए. इंडो म्हणजे आपण, टिनिया म्हणजे गजकर्ण. ‘भारतीय गजकर्णाची बुरशी’, इतकं सरळ.

आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. इथे बाळ आपलं, आत्या जपानची.

ही गोष्ट मी ऑफिसात दोन-तीन जणांना सांगितली. प्रतिक्रिया अगदी दोनच प्रकारच्या आल्या. पहिली: "यात इंडिया कशाला घुसडायचा? बदनामी नुसती!" दुसरी: "नाव काहीही ठेव रे, खाज थांबल्याशी मतलब." माझं म्हणणं असं की दोन्ही प्रतिक्रिया एकाच आजाराची लक्षणं आहेत.

दुसरी आधी घेऊ, कारण ती जास्त समंजस वाटते आणि म्हणून जास्त घातक आहे.

नावाने फरक पडत नाही असं म्हणणाऱ्याने 2021 चा मे महिना आठवून बघावा. कोरोनाची दुसरी लाट, आणि मागोमाग ‘काळी बुरशी’. मग ‘पांढरी बुरशी’. मग कुठूनतरी ‘पिवळी बुरशी’. वाहिन्यांवर रंगपंचमी चालली होती. म्युकरमायकोसिस घडवणारी बुरशी मुळात काळी नाहीच. काळी पडते ती माणसाची मेलेली पेशी, कारण ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. बुरशीशास्त्रात ज्यांना खरोखर काळ्या बुरशी म्हणतात त्या वेगळ्याच, त्यांच्या पेशीभित्तिकेत काळं रंगद्रव्य असतं. एम्सच्या संचालकांना त्या वेळी सांगावं लागलं की रंगांची नावं वापरू नका, गोंधळ होतो. आणि हा गोंधळ शब्दांपुरता नसतो. सायनसमध्ये ॲस्परजिलस वाढली असेल तर व्होरिकोनाझोल हे उत्तम औषध. म्युकर असेल तर तेच औषध निरुपयोगी, तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं. मायक्रोस्कोपखाली एकीचे धागे बारीक, आडव्या पडद्यांचे, टोकदार कोनात फुटणारे. दुसरीचे रुंद, फितीसारखे, जवळपास बिनपडद्याचे. या दोन आकृत्यांतला फरक ओळखणारा माणूस त्या रात्री लॅबमध्ये आहे की नाही, यावर डोळा राहणार की जाणार हे ठरत होतं. आता बोला, नावात काय ठेवलंय?

आपल्या धंद्यातल्या लोकांना पटेल असं एक उदाहरण देतो. 2009 साली (पुन्हा जपानमध्येच!) एका रुग्णाच्या कानातून एक यीस्ट मिळाली. तिचं नाव कँडिडा ऑरिस. ऑरिस म्हणजे कान. आपलं गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान. बुरशीवाल्यांचं आणि कानांचं काय नातं आहे कोण जाणे. तर ही यीस्ट दिल्लीच्या रुग्णालयांत रक्तातल्या संसर्गातून सापडली, पण रुग्णालयातलं स्वयंचलित यंत्र तिला ‘कँडिडा हेम्युलोनाय’ असं भलतंच नाव देत होतं. का? यंत्राच्या डेटाबेसमध्ये ऑरिस नावाची ओळच नव्हती. लुकअप टेबलमध्ये रो नसेल तर चांगला प्रोग्राम म्हणतो ‘सापडलं नाही’. वाईट प्रोग्राम सगळ्यात जवळचं उत्तर चिकटवतो आणि वर हिरवा टिक मारतो. चौधरींच्याच गटाने जनुकक्रम वाचून 2013 मध्ये दाखवून दिलं की दोन रुग्णालयांतल्या 12 रुग्णांतली ही ऑरिसच आहे, आणि सगळ्यांत एकच क्लोन फिरतोय. पुढे ही जगभर अतिदक्षता विभागांची डोकेदुखी झाली. डेटाबेसमध्ये एक ओळ घालणं म्हणजे ‘नुसतं नाव ठेवणं’ असं ज्याला वाटतं, त्याने कधी प्रॉडक्शन सपोर्ट केलेला नाही.

इंडोटिनिएच्या बाबतीत तेच. नाव स्वतंत्र नव्हतं तोवर जगातला प्रत्येक डॉक्टर आपल्या रुग्णाला ‘मेंटाग्रोफायटिसचा एक चिवट केस’ म्हणून वेगवेगळा मोजत होता. जर्मनीतला वेगळा, दुबईतला वेगळा. नाव पडल्यावर हे सगळे सुटे बग एका तिकिटाखाली आले. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांची नोंद प्रसिद्ध केली. एक बांगलादेशात जाऊन आलेली, दुसरी कुठेच प्रवास न केलेली. दोघींवर टर्बिनाफिन चाललं नव्हतं. कुठेच न गेलेल्या बाईला ही बुरशी लागली, म्हणजे ती तिथे माणसांमाणसांत पसरू लागली असावी. हे वाक्य लिहायला आधी ‘ही’ म्हणजे कोण ते ठरलेलं असावं लागतं.

बरं, हे ठरवतात कसं? इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण मला यातच खरी मजा आली.

सगळ्यात स्वस्त पायरी म्हणजे चट्ट्याच्या कडेची कातडी बोथट पात्याने खरवडायची, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं. कातडी विरघळते, बुरशीचे धागे तेवढे उरतात. मायक्रोस्कोपखाली दिसले की बुरशी आहे हे नक्की. पण कोणती, ते यावरून नाही कळत. त्यासाठी ती सॅबुरो अगारवर वाढवायची. सॅबुरो हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ, त्यांनी या बुरशींना साखर आणि पेप्टोनच्या थाळीत वाढवून त्यांचं पहिलं नीट वर्गीकरण केलं. दोन ते चार आठवडे थांबायचं. मग वसाहत पावडरसारखी की कापसासारखी, मागच्या बाजूने रंग कोणता, बीजाणू गोल की लांबट, द्राक्षाच्या घोसासारखे लागलेत की एकेकटे, हे सगळं बघायचं. यात वर्षांनुवर्षं नजर तयार झालेली माणसं लागतात. आणि इंडोटिनिए नेमकी इथेच गुंगारा देते, कारण थाळीत ती तिच्या चुलत भावंडांसारखीच दिसते.

म्हणून शेवटी जनुकक्रम. बुरशींच्या डीएनएमध्ये आयटीएस नावाचा एक छोटा भाग आहे. 2012 साली त्याला बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून मान्यता मिळावी असा प्रस्ताव आला आणि तो रूढ झाला. तुम्हाला वाटेल, झालं तर मग! वाचा आणि डेटाबेसशी ताडून बघा. अहो, पण तो डेटाबेस भरला कोणी? 2006 साली युरोपातल्या काही संशोधकांनी सार्वजनिक डेटाबेसमधल्या बुरशींच्या नोंदी तपासल्या, तर जवळपास 20 टक्के नोंदींवर प्रजातीचं नावच चुकीचं असावं असं दिसलं. पाचातली एक! कचरा आत, कचरा बाहेर. सिक्वेन्सर कितीही महागडा आणा, ‘हा नमुना अमुक प्रजातीचा’ हे पहिलं लेबल कोणीतरी जाणकार माणसानेच मायक्रोस्कोपला डोळा लावून चिकटवलेलं असतं. ‘आता एआय करेल’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. ट्रेनिंग डेटाचं लेबलिंग कोण करणार, तुझा काका?

बरं, इतकं करूनही वाद संपत नाही. इंडोटिनिए ही खरोखर स्वतंत्र प्रजाती की मेंटाग्रोफायटिसचाच एक प्रकार, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींनी 2023 मध्ये तिला उपप्रकाराचा दर्जा पुरे असं मांडलं. वेगळा फोर्क म्हणायचा की नुसती ब्रँच, असा तो प्रश्न. मला हा वाद शास्त्राचा कमकुवतपणा वाटत नाही. उलट आपण त्या वादात किती कमी आवाजात बोलतो याची खंत वाटते. (जाता जाता: मराठीत अजून ‘स्पीशीज’ला शब्दही धड ठरलेला नाही. पाठ्यपुस्तकात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रात प्रजाती म्हणजे स्पीशीज. ‘नवी जात सापडली’ असं छापायची कोणाची छाती होत नाही, ते समजू शकतो. मी इथे वर्तमानपत्रवाल्यांचं ऐकलंय.)

आता पहिल्या प्रतिक्रियेकडे. ‘इंडिया कशाला?’

राग समजण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलंच आहे की नव्या रोगांना देशांची, शहरांची नावं देऊ नका. पण ते रोगांच्या नावांबद्दल. जीवांच्या नावांचा कायदा वेगळा. शैवालं, बुरशी आणि वनस्पती यांची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे आणि तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: पहिला कमिट जिंकतो. ज्याने नियमानुसार आधी नाव प्रसिद्ध केलं त्याचं नाव चालतं. ते आवडलं नाही, शोभत नाही, एवढ्या कारणाने रद्द होत नाही. नियमही अगदी इंजिनिअरला आवडतील असे. 2011 संपेपर्यंत नव्या बुरशीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे, 2012 पासून इंग्रजीही चालतं. 2013 पासून मायकोबँकसारख्या नोंदणी केंद्राकडून क्रमांक घेतल्याशिवाय नाव वैधच नाही. म्हणजे युनिक आयडी आला. त्याआधी तर एकाच बुरशीला दोन अधिकृत नावं असत, एक तिच्या लैंगिक अवस्थेचं आणि एक अलैंगिक अवस्थेचं. ॲस्परजिलस निड्युलन्स आणि एमेरिसेला निड्युलन्स म्हणजे एकच बाई! 2011 मध्ये मेलबर्नच्या परिषदेत ठरलं, एक बुरशी एक नाव. एका पिढीने डुप्लिकेट प्रायमरी की घेऊन काम कसं केलं असेल, विचार करून माझ्याच पोटात गोळा येतो.

आणि गावाचं नाव जीवाला मिळणं ही बदनामीच असते असंही नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या एका जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. पिंपरीची म्हणून पिम्प्रिना. त्याच्यापासून त्यांनी हमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं, आणि त्यातला सुरुवातीचा ‘ह’ आणि ‘अ’ही त्याच कारखान्याचा. पिंपरीकरांनी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. कारण तिथे नाव ठेवणाराही आपला होता, औषध काढणाराही आपला.

तेव्हा रागवायचंच असेल तर जपान्यांवर नको. त्यांना दोन रुग्ण मिळाले आणि त्यांनी रीतसर काम केलं. आपल्याकडे लाखोंनी रुग्ण होते. प्रश्न असा आहे की मुंबईच्या उपनगरांतल्या किती दवाखान्यांत गजकर्णाची कातडी खरवडून काचेवर घेतात? आमच्या टीममधल्या एकाने वर्षभरात चार डॉक्टर केले. चार चिठ्ठ्या, चार वेगवेगळी क्रीम्स, गोळ्यांचे तीन कोर्स. खरवडून एकदाही बघितलं नाही. तोच मुलगा क्लायंटचा साधा टाइमआउट आला तर रूट कॉज ॲनालिसिसचं सात पानी डॉक्युमेंट लिहितो. स्वतःच्या कातडीवर मात्र वर्षभर वर्कअराउंड.

इथे डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. ओपीडीत साठ माणसं बसलेली, प्रत्येकाला पाच मिनिटं, पेशंटला तपासणीचे पैसे द्यायचे नसतात पण महागडी क्रीम चालते. प्रत्येक गजकर्णाचा जनुकक्रम वाचा असं कोणीही शहाणा म्हणणार नाही, आणि प्रजाती कळली म्हणून प्रत्येकाचं औषध बदलेल असंही नाही. पण थेंब टाकून काच बघणं हे काही रॉकेट सायन्स नाही. आणि जे दोन कोर्स घेऊनही बरे होत नाहीत, त्यांचे नमुने तरी कुठेतरी पोचायला हवेत. ते पोचले, वाढवले, जपून ठेवले, तरच पुढचं नाव आपण ठेवू.

जपून ठेवायला जागा नाही असंही नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू झाली, 1992 मध्ये तिला त्यांचं नाव दिलं. तिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, जिवंत कल्चर जपलेले. शिवाय आजरेकरांच्या नावाचं, वाळवलेल्या बुरशींचं हर्बेरियम आहे. नवी प्रजाती जाहीर करायची तर तिचा एक आदर्श नमुना कायमचा ठेवावा लागतो, वाळवलेला किंवा गोठवलेला, म्हणजे वाढ पूर्ण थांबलेला. रीड-ओन्ली बॅकअप. पन्नास वर्षांनी कोणाला शंका आली तर तोच काढून बघायचा. गोव्यात विद्यापीठात डी. जे. भट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम घाटातल्या पालापाचोळ्यावरच्या कितीतरी नव्या बुरशी वर्णन केल्या. तुम्ही दूधसागरला ट्रेकला जाऊन बुटाखाली तुडवलेल्या पानांवर. आपण यांची नावं ऐकलीत? मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकली नव्हती, आणि हा आपला वैयक्तिक दोष कमी, आणि आपण कशाला टाळ्या वाजवतो याचा परिणाम जास्त. आरे कॉलनीतला विंचू 2010 मध्ये लायकास आरेएन्सिस झाला, त्याचं आपल्याला कौतुक. झालंच पाहिजे. विंचवाचा फोटो छान येतो. त्याच आरेच्या मूठभर मातीत केराटिन खाणाऱ्या, म्हणजे आपल्या गजकर्णाच्या लांबच्या नातलग बुरशी असणार, त्यांचा फोटो कोण काढणार?

आकडे बघा. 2017 च्या एका बहुचर्चित अंदाजानुसार जगात बुरशींच्या 22 ते 38 लाख प्रजाती असाव्यात. नाव पडलेल्या साधारण दीड लाख. वर्षाला दोन-अडीच हजार नवी नावं पडतात. सगळ्यात आशावादी गणित केलं तरी बॅकलॉग संपायला आठशे वर्षं. असा बॅकलॉग घेऊन कुठलाही मॅनेजर काय करेल? माणसं वाढवेल. आपण काय करतोय? वर्गीकरणाच्या शोधनिबंधाला इम्पॅक्ट फॅक्टर कमी म्हणून बढतीत गुण कमी देतोय. मग हुशार पोरं मॉलिक्युलर अमुक आणि नॅनो तमुककडे वळतात, आणि नजर तयार झालेला एक-एक माणूस निवृत्त होतो, त्याच्यामागे डॉक्युमेंटेशन नाही, नॉलेज ट्रान्स्फर नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं झालं तर तुम्ही ओरडाल. इथे कोणी ओरडत नाही, कारण बिल आपल्याला थेट येत नाही. ते येतं ट्यूबच्या रूपात, नव्वद-शंभर रुपयांना एक, दर महिन्याला.

असो. पाऊस थांबलेला दिसतोय.

ता. क. घरात पडलेली ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. गजकर्णावर ती स्वतःच्या मनाने चोपडू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, लाजू नका. त्यांनाही डिबगिंगला लॉग लागतो.